रियुनियन बेटावरची जुनी फ्रेंच घराणी: वंशावळ कशी काढायची

हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावरच्या जुन्या घराण्याचा माग काढायचा असेल तर आडनाव धरून वर चढू नका, बायका धरून चढा. ही गोष्ट पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण बहुतेक जण उलटं करतात आणि चौथ्या-पाचव्या पिढीत अडकून बसतात.

माझ्या लेकीचं सासर त्या बेटावर, दक्षिणेला सँ-पिएरला आहे. जावयाचं आडनाव पाये. तिथे दगड भिरकावला तर एखाद्या पायेला नाहीतर ओआरोला लागेल, इतकी ही आडनावं घरोघरी. मी पुण्यात वर्षानुवर्षं फ्रेंच कागदांची भाषांतरं केली, त्यात जन्मदाखले आणि वारसपत्रं भरपूर. त्यामुळे नात झाल्यावर तिच्या बापाकडची वंशावळ काढायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. विहीणबाईंना वाटलं होतं दोन-चार पिढ्यांत आटपेल. आता आम्ही दोघी सतराव्या शतकात आहोत.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर कुठला कागद कुठे शोधायचा तेच कळत नाही. हे बेट मूळचं निर्मनुष्य. १६६३ मध्ये दोन फ्रेंच पुरुष आणि दहा मलागासी माणसं मादागास्करहून येऊन राहिली. त्या दहांत बायका तीनच. १६६५ मध्ये एतिएन रेन्यो वीस कामगार घेऊन उतरला आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची वसाहत सुरू झाली. तेव्हा बेटाचं नाव होतं बुर्बों. पुढे मादागास्करच्या दक्षिण टोकाला असलेल्या फोर-दोफँच्या फ्रेंच ठाण्यावर १६७४ मध्ये कत्तल झाली आणि तिथून वाचलेल्यांपैकी काही जण इथे आले. पुरुष फ्रेंच, पण फ्रेंच बायका बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून पहिल्या पिढीतल्या सासवा तीन ठिकाणच्या: थोड्या फ्रान्सच्या, बऱ्याच मादागास्करच्या, आणि काही आपल्या किनाऱ्यावरच्या, म्हणजे सुरत, दमण, गोव्याकडच्या ख्रिस्ती मुली. आज जे कुटुंब स्वतःला जुनं फ्रेंच घराणं म्हणवतं त्याच्या मुळाशी बहुधा या तिन्ही आज्या सापडतात.

कामाला लागताना सुरुवात घरापासून. फ्रान्समध्ये लग्न झालं की नगरपालिका जोडप्याला एक छोटी पुस्तिका देते, 'लिव्रे द फामीय'. त्यात नवरा-बायकोची जन्मतारीख, जन्मगाव, दोघांच्या आईवडिलांची नावं आणि पुढे एकेका मुलाची नोंद असते. ती मागून घ्या, आणि शक्य असेल तर आजेसासऱ्यांचीही. आमच्या विहीणबाईंनी ती पुस्तिका बिस्किटांच्या डब्यात शिलाईच्या दोऱ्यांखाली ठेवली होती. सोबत मयताच्या छापील पत्रिका, पहिल्या कम्युनियनची चित्रकार्डं आणि शेतजमिनीच्या वाटणीचा एक पिवळा कागद. काहीच टाकू देऊ नका. फोटोंच्या मागे लिहिलेलंही बघा. आणि म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका, नाती विचारा: कोण कोणाची काकी, कोणाकडे कोण बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिली. तारखा सरकारी वहीत मिळतात, नाती मिळत नाहीत.

त्यानंतर सरकारी नोंदी. फ्रेंच कायद्यानुसार जन्म आणि लग्नाची नोंद ७५ वर्षांनी सगळ्यांना खुली होते, मृत्यूची मात्र लगेच. जन्म-लग्नाचं ७५ वर्षांच्या आतलं हवं असेल तर ज्या गावी घटना घडली तिथल्या नगरपालिकेला वंशजाने पत्र लिहायचं. नक्कल फुकट मिळते. म्हणजे मागणी जावयाच्या नावाने करा, सासूबाईंच्या नव्हे. त्याहून जुन्या नोंदींसाठी एक्स-आं-प्रोव्हांस इथे फ्रान्सचं समुद्रपार वसाहतींचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्याच्या संकेतस्थळावर वहीच्या पानांचे फोटो फुकट बघता येतात. प्रदेश निवडा, गाव निवडा, साल निवडा, पान उलटत जा. नाव टाइप करून शोधायची सोय नाही असं गृहीत धरूनच बसा. मात्र एकोणिसाव्या शतकात दर दहा वर्षांनी जन्म, लग्न, मृत्यूची अकारविल्हे सूची केलेली असते. आधी ती चाळायची, मग तारीख हाती आली की मूळ नोंद.

तिन्हींत राजा म्हणजे लग्नाची नोंद. जन्माची नोंद एक पिढी देते. एकोणिसाव्या शतकातलं लग्न नवरा-नवरीची जन्मतारीख, जन्मगाव, चारही आईवडिलांची नावं, त्यांतलं कोण हयात आणि कोण गेलं, इतकं एका पानावर देतं. म्हणून माझी रीत अशी: जन्म सापडला की लगेच त्याच्या आईबापांचं लग्न शोधायचं, पहिल्या मुलाच्या जन्मापासून मागे पंधरा वर्षं. मृत्यूची नोंद सर्वांत शेवटी, कारण ती सांगणारा शेजारी असू शकतो आणि शेजाऱ्याला मयताच्या आईचं नाव माहीत असेलच असं नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला बेटाच्या नावाचा: १७९३ पर्यंत बुर्बों, मग रियुनियन, १८०६ मध्ये बोनापार्त, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतल्यावर पुन्हा बुर्बों, आणि १८४८ पासून परत रियुनियन. तीन नावांनी तीन बेटं समजू नका. दुसरा फ्रेंच क्रांतीच्या दिनदर्शिकेचा. १७९३ ते १८०५ दरम्यानच्या नोंदींत 'ब्रुमेर', 'फ्लोरेआल' असे महिने आणि 'वर्ष आठवे' असं साल येतं. ते वर्ष २२ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे एका क्रांतिवर्षात दोन इसवी सनं येतात. वर्ष आठचा १८ ब्रुमेर म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. डोक्यात हिशेब करू नका, रूपांतर करून देणारी साधनं नेटवर ढिगाने आहेत.

क्रांतीच्या मागे गेलात की चर्चच्या वह्या. सँ-पोल, सँ-देनी आणि सँत-सुझान हे जुने परगणे. बाकीची गावं यथावकाश त्यांतून फुटली. सँ-जोझेफ तर १७८५ मध्ये वसलं, त्यामुळे तिथलं घराणं आधीच्या काळात सँ-पिएरला नाहीतर आणखी वर सँ-पोलला शोधायचं. गाव सापडत नाही म्हणजे नोंद नाही असं नसतं, बहुधा गावच तेव्हा नसतं.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. १७७६ च्या जूनमध्ये व्हर्सायहून आज्ञा निघाली की वसाहतींतल्या नोंदींची एक प्रत फ्रान्सला पाठवायची, आणि त्यासाठी जुन्या वह्याही उतरवून घेतल्या गेल्या. म्हणजे नेटवर तुम्ही १७२० ची जी नोंद वाचता ती पुष्कळदा नंतरच्या कारकुनाच्या हातची नक्कल असते. अक्षर सुवाच्य, एकसारखं, सह्यासुद्धा त्याच वळणाच्या दिसल्या की समजा, नक्कल आहे. नावाबद्दल शंका असेल तर सँ-देनीच्या जिल्हा अभिलेखागारात मूळ वही आहे का ते विचारायचं.

अठराव्या शतकातली सँ-पोलची एक लग्ननोंद समोर ठेवून सांगते. समासात दोन आडनावं, एकाखाली एक. मजकूर सुरू होतो सालापासून, आकड्यांत नव्हे, अक्षरांत. मग 'तीनदा घोषणा करून' असं वाक्य, म्हणजे लग्न ठरल्याचं चर्चमध्ये आधी जाहीर करणं. घोषणा एकदाच झाली असेल तर सूट दिल्याचा उल्लेख. मग नवऱ्याचं नाव, 'अमुकचा मुलगा' आणि आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट. बापाच्या नावाआधी 'एफ', 'ई', 'यू' या तीन अक्षरांचा छोटा शब्द दिसला तर तो मेलेला. लग्नाच्या तारखेआधी बाप गेला, हे तुम्हाला फुकटात कळलं. मग नवरी तशीच. मग साक्षीदार, आणि इथे घाई करू नका: मामा, काका, आधीच्या लग्नातला सावत्र भाऊ हे नात्यासह लिहिलेले असतात. शेवटी सह्या, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची फुली. या नोंदीत नवऱ्याची सही आहे, नवरीची फुली. तिच्या आईची मात्र सही आहे, वळणदार. मला तिथे थांबावंसं वाटलं.

त्याच नोंदीच्या मध्यावर 'तिसऱ्या अंशाची सूट' असं काहीसं लिहिलेलं असतं. ही तर खाण आहे. चर्चला चौथ्या अंशापर्यंतच्या नातलगांचं लग्न मंजूर नव्हतं, बिशपकडून परवानगी लागे. दुसरा अंश म्हणजे सख्खे चुलत-मामे-मावस, तिसरा म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच, चौथा म्हणजे खापरपणजोबा एकच. सूट दिसली की वर कुठेतरी दोन्ही फांद्या एकाच जोडप्याला मिळणार हे नक्की झालं. न सापडलेल्या आजीचं नाव मी असंच दुसऱ्या बाजूने काढलंय. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगायचे, तिकडे तिच्यासाठी अर्ज करायचे. वंशावळ काढणाऱ्याला अर्ज परवडला.

आता बायकांकडे येते. फ्रेंच नोंदीत बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने असते. 'अमुकची बायको', 'तमुकची विधवा' हे पुढे जोडलेलं, पण तिचं नाव तिचंच. माझ्या सासरच्या वंशावळीत दहा पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत आणि बायकांच्या जागी रेघ. बेटावर तसं नाही, त्याचा फायदा घ्या. बाप्ये एकाच नावाचे ढीगभर असतात. एकाच गावात, एकाच वेळी तीन 'आंतवान पाये' असले तर बायकोच्या नावाशिवाय कोणता कोण ते ठरत नाही. प्रत्येक पुरुषाची नोंद मी 'अमुकीचा नवरा' म्हणूनच ठेवते.

फ्रांस्वाज शातलँचं उदाहरण तर तिथे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएरमधून ज्या अनाथ मुली मादागास्करला पाठवल्या त्यांतली ही. फोर-दोफँच्या कत्तलीतून वाचली, फिरत फिरत १६७६ मध्ये बुर्बोंला पोचली आणि तिने एकामागून एक चार नवरे केले: लेलिएव्र, एस्पारों, कारे द तालुए आणि शेवटी ओग्युस्तँ पानों. पुरुषाच्या आडनावाने गेलात तर ही चार घराणी. तिच्या नावाने गेलात तर एकच ओसरी. त्यात सावत्र भावंडं, सावत्र बापाने वाढवलेली मुलं, सगळं जागच्या जागी बसतं.

नंबर कसे द्यायचे? 'सोसा' पद्धत वापरा. ज्याची वंशावळ त्याला १. बाप २, आई ३. पुढे कोणाचाही बाप म्हणजे त्याच्या आकड्याची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. पुरुष सम, बाई विषम, गोंधळ नाही. दहाव्या पिढीत आकडे ५१२ ते १०२३ पर्यंत जातात. पण प्रत्यक्षात तेवढी माणसं बेटावर नव्हतीच! एकच जोडपं पुन्हा पुन्हा येतं. अशा वेळी माणसाची नोंद सर्वांत लहान आकड्यावर ठेवायची आणि बाकीच्या आकड्यांसमोर नुसतं 'पाहा' लिहायचं. आमच्या नातीच्या कागदावर आंतवान पाये आणि त्याची मलागासी बायको लुईज सियारान इतक्या वेळा येतात की विहीणबाई म्हणाल्या, यांनाच जेवायला बोलवा.

आडनावाचं स्पेलिंग मनावर घेऊ नका. पाद्री कानाने ऐकून लिहायचा. ओआरोमधला मधला 'ई' कधी असतो, कधी नसतो, आणि सख्खे भाऊ वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडतात. शोधताना तिन्ही-चारी रूपं टाकून बघायची. त्याहून फसवी गोष्ट जमिनीच्या नावांची. पैसेवाल्या घरांत भावाभावांना वेगळं ओळखता यावं म्हणून आडनावामागे वाडीचं नाव चिकटवत. पानोंच्या एका फांदीचे झाले पानों देबासँ, दुसरीचे पानों द्यु आझिए. पुढे मूळ 'पानों' गळून नुसतं 'देबासँ' उरतं आणि लोकांना वाटतं हे वेगळंच खानदान. 'द' लागलं म्हणजे सरदार घराणं, हाही गैरसमज. पुष्कळदा तो 'द' म्हणजे उसाची किंवा कॉफीची वाडी.

चर्चच्या वहीत भोक असेल तर शिरगणत्या बघायच्या. १७०४ पासून पुढे कंपनीने अनेकदा घरटी गणती केली: घरधन्याचं नाव, वय, कुठला, बायको, मुलं, गुलाम, जनावरं. त्या एक्सच्या अभिलेखागारात 'जी-१' या दप्तरात आहेत. वयांवर विसंबू नका, पाच-पाच वर्षं इकडे-तिकडे होतात. मुलांचा क्रम मात्र बरोबर असतो. १७१० च्या सुमारास कंपनीचा नोकर आंतवान बुशे याने एकेका रहिवाशाचं बाड लिहून ठेवलंय: कोण कोणाचा जावई, किती श्रीमंत, कोण दारुडा. माणूस भलताच जिभेचा तिखट. नात्यांसाठी त्याचा उपयोग करा, चारित्र्यासाठी नको.

नोटरीचे कागद याहून मोलाचे आणि याहून कमी वाचले जाणारे. लग्नाचा करार, मृत्यूनंतरची चीजवस्तूंची यादी, वाटणीपत्र. बेटावर जमीन द्यायची पद्धत 'लाटा फुटतात तिथून डोंगरमाथ्यापर्यंत' अशी होती. समुद्राकाठी रुंदी थोडकी आणि लांबी थेट वर. मुलं वाढली की पट्टी उभी चिरायची, त्यामुळे चार पिढ्यांत ती धोतराच्या काठाएवढी उरे. भांडणं आणि वाटण्या यांना अंत नाही, आणि प्रत्येक वाटणीत सगळे वारस, लेकी आणि जावई धरून, नावानिशी. फ्रेंच कायद्याने लेकींना वाटा होता, हे आपल्या कामी येतं.

पहिला पुरुष फ्रान्समधून आला असेल तर त्याच्या लग्नाच्या नोंदीत गाव आणि धर्मप्रांत मिळतो, उदाहरणार्थ 'सँ-मालोचा धर्मप्रांत'. ते जुने धर्मप्रांत क्रांतीनंतर मोडले. सँ-मालोच्या धर्मप्रांतातलं गाव आज ईल-ए-व्हिलेन, मोर्बिआं किंवा कोत-दार्मोर यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात असू शकतं. गाव ठरलं की त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर चर्चच्या वह्या असतात. कंपनीच्या जहाजावर खलाशी किंवा शिपाई म्हणून आला असेल तर 'मेमॉआर देझोम' या फ्रेंच संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीच्या जहाजांच्या हजेरीपत्रकांत नाव शोधा. कोण कुठे उतरला, कोण वाटेत मेला, कोण पळाला, सगळं त्यात आहे. आणि एखादा भाऊ १७२१ नंतर अचानक गायब झाला तर शेजारच्या मॉरिशसमध्ये बघा. तेव्हा तिथे नवी वसाहत बसत होती आणि बुर्बोंची माणसं जात होती.

इतरांनी नेटवर चढवलेल्या वंशावळी वाचा, पण उतरवून घेऊ नका. एकाने चुकीची आई लावली की तीच शंभर ठिकाणी दिसते, आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटायला लागते. नोंदीचं पान आणि साल दिलेलं नसेल तर ती फक्त अफवा. डीएनए चाचणीचा विचार करणाऱ्यांना सांगते: हौशी चाचणी फ्रान्समध्ये बेकायदा आहे, करवून घेणाऱ्याला ३,७५० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे बेटही फ्रान्सच. शिवाय जिथे सगळेच एकमेकांचे चुलत-मावस, तिथे तो अहवाल कोणालाही जवळचा नातेवाईक दाखवतो.

एक बाजू बहुतेक वंशावळी टाळतात. १७२३ च्या फर्मानाने गोऱ्यांना काळ्यांशी लग्न बंद केलं. पण मुलं व्हायची थांबली नाहीत, आणि त्यांची नोंद आईच्या एकट्या पहिल्या नावाने झाली. गुलामांना आडनाव नव्हतं. २० डिसेंबर १८४८ ला बेटावर गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून जास्त माणसांना कारकुनांनी आडनावं वाटली, आणि त्यासाठी वेगळ्या मुक्तिवह्या आहेत. तुमची फांदी १८४८ ला अचानक सुरू होत असेल तर त्या वहीत जा. तिथे गुलाम असतानाचा नंबर आणि आईचं नाव मिळू शकतं, आणि मग मालकाच्या घरच्या वारसायाद्यांत, जनावरांच्या शेजारी लिहिलेली तीच बाई. हे वाचायला जड जातं, पण वंशावळीत ती पाहिजेच.

राहिल्या आपल्याकडच्या. सुरतेला फ्रेंचांची वखार १६६८ ची. महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली तेव्हा ती तिथे होती. तिथून १६७८ मध्ये बुर्बोंला गेलेल्या जहाजातून काही मुली उतरल्या आणि तिथल्या फ्रेंच पुरुषांच्या बायका झाल्या. फेलिसी विन्सांत, मोनिक पेरेरा, साबिन राबेल अशी नावं जुन्या घराण्यांच्या मुळाशी दिसतात. फ्रेंच लिहिणाऱ्याने पोर्तुगीज नावं कशीही मोडली आहेत, त्यामुळे 'रोझारियो'चं 'रोझेर' झालेलं ओळखता आलं पाहिजे. आणि पेरेरा लिहिलंय म्हणून बाप पोर्तुगीज ठरवू नका. गोवा, वसईचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे सांगायला नको: बाप्तिस्मा घेताना धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे. ती मुलगी कोळ्याची असेल, भंडाऱ्याची असेल, पोर्तुगीज शिपायाची असेल. नुसत्या नावावरून गोव्यात पणजी शहरातल्या वह्यांत तिचे आईबाप शोधणं म्हणजे वेळ घालवणं आहे, कारण पेरेरा तिथे प्रत्येक गावात. बुर्बोंच्या नोंदीत गाव किंवा चर्च स्पष्ट दिलं असेल तरच पुढे जा.

नाहीतर तिच्या आईबापांचे दोन चौकोन रिकामे ठेवा, त्यात अंदाज लिहू नका, आणि शेरा मारा: कुठल्या सालच्या, कुठल्या वहीत, कोणत्या पानावर तिला कुठली म्हटलंय. एका शिरगणतीत 'गोव्याची' आणि दुसरीत 'दमणची' असेल तर दोन्ही लिहा, तारखेसह. आमच्या कागदावर सध्या दोन्ही आहेत.